आठवड्याला बारा तास: फ्रान्सच्या भाषा-सहाय्यक योजनेत सात महिने काढल्यावर

फ्रेंचमध्ये संशोधन करायचंय पण पैशांची सोय कशी करू, असं मला कुणी विचारलं की मी ज्या योजनेचं नाव सगळ्यात आधी घेते, तिला कुणी शिष्यवृत्ती म्हणतच नाही. 'असिस्तां द लांग', म्हणजे भाषा-सहाय्यक. फ्रान्सच्या सरकारी शाळेत इंग्रजीच्या शिक्षकांना मदत करायची, आठवड्याला बारा तास, ऑक्टोबर ते एप्रिल अखेर. त्याबद्दल दरमहा पगार मिळतो. हातात पडतात साधारण ८०० युरो. आकडा ऐकून बरेच जण नाक मुरडतात आणि आयफेल, शार्पाक या फ्रान्सच्या शिष्यवृत्त्यांकडे वळतात. त्यांनी थोडं थांबून हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितेय.

मी कराडची. वडील एस.टी.त कंडक्टर होते. बी.ए.ला असताना पुण्यात आले, फ्रेंचच्या पायऱ्या एकेक करत चढले आणि एम.ए. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये केलं. फ्रेंच शिकणाऱ्या आमच्यासारख्यांपुढे तेव्हा दोन ठळक वाटा असतात: एखाद्या कंपनीत फ्रेंच ग्राहकांचे फोन आणि मेल सांभाळायचे, नाहीतर शाळेत शिकवायचं. दोन्ही कामं चांगली आहेत, दोन्हींवर माझ्या मैत्रिणींची घरं उभी आहेत. पण माझ्या डोक्यात एक विषय बसला होता. गी दल्युरी नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते पुस्तक १९५६ साली पॅरिसच्या गालिमारनं छापलं. नाव 'सोम द्यू पेलरँ', मराठीत सांगायचं तर 'यात्रेकरूची स्तोत्रं'. ज्या माणसानं पुढे पंढरपूरच्या विठ्ठलावर अख्खा प्रबंध लिहिला, तोही आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६० मध्ये प्रसिद्ध केला, त्यानं 'वारकरी' या शब्दाला 'पेलरँ' का म्हटलं असेल? एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी पॅरिसची ग्रंथालयं हवी होती, आणि त्याहून जास्त हवं होतं फ्रेंच भाषेत राहणं. भाषेत राहणं म्हणजे बाजारात भाजी घेताना, बसची वाट बघताना, रागावताना त्याच भाषेत असणं.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून २०२३ च्या एप्रिलपर्यंत मी तिथं होते. योजना सेव्रमधली 'फ्रांस एदुकासियों अँतेरनास्योनाल' ही सरकारी संस्था चालवते, भारतातले अर्ज फ्रेंच दूतावासामार्फत जातात. अर्जात प्राध्यापकांचं शिफारसपत्र आणि फ्रेंचमध्ये लिहिलेलं स्वतःचं पत्र लागतं. कुठल्या विभागात जायला आवडेल तेही विचारतात. 'अकादेमी' म्हणजे तिथला शिक्षणविभाग. मी मोठ्या शहरांची नावं टाकली होती, आणि एक नाव जवळजवळ जागा भरायची म्हणून टाकलं: क्लेर्मों-फेरां. नेमणूक तिथलीच आली, आणि तीही मुख्य शहरात नाही. ल प्वी-आं-व्ले. नकाशावर शोधलं तेव्हा रडू आलं. पॅरिसपासून रेल्वेनं गाड्या बदलत साडेचार-पाच तास, चहूकडे जुने ज्वालामुखी, आणि माहिती काय तर मसूर आणि लेस. आईनं विचारलं, "तिथं ग्रंथालय आहे का तुझं?" मी नाही म्हटलं.

आज विचाराल तर सांगेन की गाव निवडायची मुभा नसणं हा या योजनेचा दोष आहे आणि माझ्या बाबतीत तोच तिचा सगळ्यात मोठा उपकार ठरला. त्याबद्दल पुढे सांगते. आधी पैसे, कारण फोन करणारा प्रत्येक जण तेच विचारतो, आणि विचारायलाच हवं.

तिकीट कुणी देत नाही. विमानाचं, व्हिसाचं, कागदांचं सगळं आपलं आपण. माझं तिकीट ५२ हजारांचं पडलं. व्हिसा, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर घ्यायचा सरकारी शिक्का), शपथपत्रित अनुवादकाकडून केलेली भाषांतरं, मुंबईच्या फेऱ्या यात आणखी वीसेक हजार गेले. पहिला पगार हातात येईपर्यंत जगायला मी दोन हजार युरो नेले, तेव्हा युरो ८० ते ८२ रुपयांच्या आसपास होता. म्हणजे सगळे मिळून दोन लाख चाळीस हजारांच्या घरात. त्यातले एक लाख आत्यानं दिले, एक लाख वडिलांनी पतसंस्थेतून उचलले, बाकीचे माझ्या शिकवण्यांचे. 'पगारी' योजनेत जायला आधी इतकी गंगाजळी लागते ही गोष्ट अर्ज भरताना मला कुणीही सांगितली नव्हती. ज्या मुलीच्या घरात आत्या नाही आणि पतसंस्थेत वडिलांचा शब्द चालत नाही, तिनं काय करायचं? या योजनेवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. पहिल्या पगारातला थोडा भाग उचल म्हणून मागता येतो, पण त्यासाठीसुद्धा फ्रान्सचं बँक खातं लागतंच.

आणि खातं हीच गोम. एका बँकेत गेले, तर राहण्याच्या पत्त्याचा पुरावा आणा म्हणाले. घर बघायला गेले, तर भाडं वळतं करायला खातं दाखवा म्हणाले. तीन आठवडे हेलपाटे घातले. दरवेळी नवा माणूस, दरवेळी नवा कागद. शेवटी खातं उघडलं तेव्हा ऑक्टोबरचा पगार निघून गेला होता, दोन्ही महिन्यांचे पैसे नोव्हेंबर अखेरीस एकदम आले. ते साठ दिवस मी नेलेल्या पैशांवर काढले. पाव, अंडी, आणि गावात सगळीकडे मिळणारा तो हिरवा मसूर. जिरं आणि हळद घरून नेली होती म्हणून तरले. त्या मसुराला आपल्या द्राक्षांना किंवा हापूसला असतं तसं भौगोलिक नामांकन आहे, शाळेच्या खानावळीतही तो मीठ-घातलेल्या डुकराच्या सॉसेजबरोबर वाढतात. मी नुसता मसूर मागायचे. वाढणाऱ्या बाईंना तिसऱ्या दिवसापासून सांगावंच लागलं नाही.

घराची अडचण ज्यानं सुटली ते सांगून ठेवते, कारण हे माहीत नसल्यामुळे मुलं महागड्या खोल्या घेतात. 'विझाल' नावाची सोय आहे. तिशीच्या आतल्या माणसाला ती फुकट जामीनदार म्हणून उभी राहते. परदेशी माणसाला तिथं भाड्याचा जामीन द्यायला कुणी नसतं, तिथंच सगळं अडतं. दुसरी सोय 'काफ' या कार्यालयाची, तिथून भाड्यापोटी मदत मिळते. मी तरुण कामगारांच्या वसतिगृहात राहिले, 'फ्वाये' म्हणतात त्याला. भाडं ३९० युरो, काफची मदत सुरू झाल्यावर माझ्या खिशातून अडीचशेच्या आत जायचे. खोली बारा चौरस मीटरची, खिडकीतून खडकावरचा तो लालसर मेरीचा पुतळा दिसायचा. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या तोफा वितळवून तो ओतलाय, १८६० मध्ये उभा राहिला. सहा जणांत एक स्वयंपाकघर. शेजारी बेकरीत उमेदवारी करणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, पहाटे तीनला उठायचा. माझं बोली फ्रेंच त्याच्यामुळे सुधारलं, हे मी माझ्या मार्गदर्शकांनाही सांगितलंय.

कागदांबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट ऐका. जन्म दाखला आजच काढून बघा. माझ्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. त्या काळी जन्माची नोंद दवाखान्यातून व्हायची आणि बारसं नंतर, तेव्हा नाव घालायचं राहून गेलेलं. असे दाखले आपल्याकडे घरोघरी असतील. कोऱ्या रकान्याचा दाखला तिथल्या आरोग्यविम्याच्या कार्यालयाला चालत नाही. नाव घालून घ्यायला पालिकेत दीड महिना गेला, मग त्याच्यावर अपॉस्टिल, मग फ्रेंच भाषांतर. दुसरं, आपली तीन पदांची नावं. माझं, वडिलांचं, आडनाव. तिथल्या प्रत्येक फॉर्मवर दोनच रकाने: आडनाव आणि नाव. वडिलांचं नाव कुणी आडनावाला चिकटवलं, कुणी माझ्या नावाला. परिणामी शाळेच्या कागदांवर मी एक, बँकेत दुसरी आणि विम्यात तिसरी. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर, सगळीकडे पहिल्या दिवसापासून लिहा. विम्याचा कायमचा क्रमांक मिळायला मला फेब्रुवारी उजाडला.

आता चांगलं.

बारा तास म्हणजे खरोखर बारा तास. माझं वेळापत्रक एका लीसेत (मोठ्या मुलांची शाळा) आणि एका कोलेजमध्ये (त्याआधीची माध्यमिक शाळा) विभागलेलं होतं, सोमवार ते गुरुवार. वर्गाची जबाबदारी मुख्य शिक्षकांची. मला अर्धा वर्ग मिळायचा, दहा-बारा मुलं, आणि त्यांना इंग्रजी बोलतं करायचं. पहिल्या दिवशी माझ्या इंग्रजीच्या धाटणीची मला धास्ती होती. समन्वयक बाई मला स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या, त्यांना गाडीतच विचारलं. त्या म्हणाल्या, या मुलांनी आयुष्यभर फक्त लंडनचं इंग्रजी ऐकावं असं मला वाटत नाही, म्हणून तर तू हवीस. त्या वाक्यावर मी सात महिने शिकवलं.

शुक्रवार मोकळा, शनिवार-रविवार मोकळे. आणि सुट्ट्या! फ्रेंच शाळांना दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवड्यांची सुट्टी असते: ऑक्टोबरअखेर, नाताळ, फेब्रुवारी, एप्रिल. या आठही आठवड्यांचा पगार मिळतो. बारा तासांची तयारी धरून वीस तास म्हणा, तरी उरलेला सगळा आठवडा वाचायला माझा होता. संशोधकाला याहून काय हवं असतं? भारतात पीएच.डी. करताना तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी आठवड्याला वीस-वीस तास घेतात, पेपर तपासतात, आणि रात्री अकराला प्रबंध उघडतात. त्यांच्यापुढे मला त्या मोकळ्या शुक्रवारांची लाज वाटायची.

पहिल्या सुट्टीत पैसे नव्हते म्हणून कुठेच गेले नाही. नाताळात समन्वयक बाईंच्या घरी चार दिवस होते. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये मात्र पॅरिस गाठलं. इव्रीला एका मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहिले, तिथून तेराव्या वॉर्डातली दोन्ही ग्रंथालयं चालत गाठता येतात. एक 'ब्युलाक', परदेशी भाषा आणि संस्कृतींचं विद्यापीठीय ग्रंथालय, २०११ मध्ये उघडलेलं, रात्री दहापर्यंत चालू. ज्यूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ मी पहिल्यांदा तिथं बसून वाचला. तोवर मला तो वा. गो. परांजप्यांच्या १९४१ च्या मराठी अनुवादातूनच माहीत होता. शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच छपाईत ज्ञानेश्वरीतल्या शब्दांची चर्चा पाहताना अंगावर काटा आला.

दुसरं म्हणजे फ्रान्सचं राष्ट्रीय ग्रंथालय, उघड्या पुस्तकांसारख्या चार मनोऱ्यांचं. तिथं वरचा मजला सगळ्यांसाठी आणि खालचा, बागेच्या पातळीवरचा, संशोधकांसाठी. खाली जायला मुलाखत द्यावी लागते: काय शोधताय, ते दुसरीकडे का मिळत नाही. मी पुण्याच्या सरांचं पत्र आणि हव्या असलेल्या नियतकालिकांची यादी नेली होती. वीस मिनिटांत कार्ड मिळालं. इथं एक गोष्ट नोंदवते: भाषा-सहाय्यकाला विद्यापीठाचं ओळखपत्र नसतं, मार्गदर्शक नसतो, कुठल्याही संशोधनसंस्थेशी नातं नसतं. योजनेच्या लेखी तुम्ही संशोधक नाहीच. तेवढी बाजू आपली आपण भक्कम करून जावी लागते. सरांचं पत्र निघण्याआधी घ्या, तिथं गेल्यावर मेलवर मागत बसू नका. आणि जे 'गालिका'वर, म्हणजे त्याच ग्रंथालयाच्या मोफत अंकीय संग्रहात, घरबसल्या मिळतं ते आधी वाचून संपवा. माझे पॅरिसमधले पहिले दोन दिवस कराडमध्ये वाचता आली असती अशी पानं चाळण्यात गेले.

आता ल प्वीचं सांगते. हे गाव म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेचं एक आरंभस्थान. तिथला बिशप गोदेस्काल्क दहाव्या शतकात इथून निघून सांतियागोला गेला होता, त्या पहिल्या ज्ञात यात्रेकरूंपैकी तो एक. आजही कॅथीड्रलमध्ये सकाळी सातला प्रार्थना होते, निघणाऱ्यांना आशीर्वाद मिळतो, आणि मग मंदिराच्या ऐन मध्यातली जमिनीतली जाळी उघडतात. खाली पायऱ्या, पायऱ्यांच्या टोकाला गाव, आणि पुढे साधारण दीड हजार किलोमीटर. मी हे अर्ज भरताना वाचलंसुद्धा नव्हतं. 'पेलरँ' या शब्दावर काम करणारी मुलगी अपघातानं पेलरँच्या गावात येऊन पडली होती!

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बँकेच्या त्या सगळ्या कटकटीत, एका पहाटे मी प्रार्थनेला गेले. पंधरा-सोळा माणसं होती. धर्मगुरूंनी प्रत्येकाला कुठून आलात विचारलं. जाळी उघडली, माणसं उतरली, आणि खाली चौकात पोचेपर्यंत एकमेकांपासून सुटी झाली. कुणी एकटं, कुणी जोडीनं. प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची पिशवी, गळ्यात शिंपला, हातात टप्प्याटप्प्यावर शिक्के मारून घ्यायची पुस्तिका. एक गृहस्थ बुटाची नाडी बांधायला पायरीवर बसले होते, साठीचे असतील. त्यांना विचारलं, सोबत कोण? म्हणाले, सोबत नको म्हणून तर निघालोय.

मी तिथंच उभी राहिले. मला आमच्या गल्लीतून निघणारी दिंडी आठवली. विणेकरी, त्यामागं टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, मागून येणारा सामानाचा ट्रक, मुक्कामाची ठरलेली गावं, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली जेवणाची घरं. वारीत एकटं पडायला कुणी जात नाही. 'पेलरँ' हा शब्द ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थच मुळी 'परका', 'परदेशी'. पेलरँ घर सोडून परक्या मुलखात जातो. आणि आपले संत पंढरपूरला काय म्हणतात? माहेर. वारकरी परका व्हायला जात नाही, तो माहेराला जातो, आणि पुढच्या आषाढीला पुन्हा जातो. दल्युरींना हे ठाऊक नसणं शक्यच नाही, वारीचा त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्या परदेशी माणसांनी केलाय. तरी त्यांनी तो शब्द निवडला, कारण फ्रेंच वाचकाच्या हाताशी असलेला सगळ्यात जवळचा शब्द तोच होता, आणि त्याच्याबरोबर 'सोम' हा बायबलमधल्या स्तोत्रांचा शब्दही. मी शब्दकोशातून हे सगळं काढू शकले असते. पण त्या पायरीवर बसून नाडी बांधणारा माणूस शब्दकोशात नसतो.

नंतर लीसेत मी वारीवर एक तास घेतला. चित्रं दाखवली, अंतरं सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलानं इंग्रजीत विचारलं, त्यांना रस्ता कसा सापडतो? त्याचा प्रश्न त्याच्या गावाचा होता. सांतियागोच्या वाटेवर झाडांवर, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, एकट्या माणसाला तोच आधार. मी म्हटलं, रस्ता शोधावा लागत नाही, पालखी पुढे असते. तो जरा थांबून म्हणाला, म्हणजे रस्ताच चालतोय. हे वाक्य माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे, मुलाचं नाव न देता, त्याच्या परवानगीनं.

बाकीच्या योजनांचं थोडक्यात सांगते, म्हणजे तुलना करता येईल. आयफेल मोठी आहे, मास्टर्सला महिना १२०० युरो, आणि फ्रेंच भाषा-संस्कृती हा विषय तिच्यात बसतो. पण अर्ज तुम्ही करायचा नसतो, तिथलं विद्यापीठ तुमचं नाव पुढे करतं, आणि मास्टर्ससाठी वयाची मर्यादा २५. आपल्याकडे एम.ए. होऊन दोन वर्षं नोकरी केलेली मुलगी तिथंच बाद होते. शार्पाक फ्रेंच दूतावासाच्या भारतातल्या संस्थेकडून मिळते, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांच्या नावानं. तिच्याकडून दरमहा निर्वाहभत्ता मिळतो आणि व्हिसाची फी माफ होते. मास्टर्सला प्रवेश घेणाऱ्यांनी तिचा अर्ज करावाच. मात्र हेही धरून चाला की २०१९ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात मास्टर्सची फी वर्षाला ३७७० युरो ठरवली गेली, आणि नंतर ती थोडी वाढलीही. बरीच विद्यापीठं ती कमी करतात, तेव्हा प्रवेश घेताना पहिला प्रश्न तोच विचारा. इरास्मुस मुंदुसमध्ये महिना १४०० मिळतात, पण ती एका भाषेच्या खोल अभ्यासापेक्षा दोन-तीन देश फिरून करायच्या अभ्यासक्रमांची योजना आहे, माझ्यासारख्या विषयाला तिचा उपयोग कमी.

आणि आपल्या घरातली शिष्यवृत्ती विसरू नका. यूजीसीच्या नेट परीक्षेत फ्रेंच हा विषय आहे, तिच्यातून संशोधनासाठीची जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार. मी परत आल्यावर तीच मिळवली आणि आता पुण्यात नोंदणी केलीय. परीक्षेच्या फ्रेंचला त्या सात महिन्यांचा किती फायदा झाला ते मी जाणते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी.च्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परभाषेचे विद्यार्थी तिथं अर्जच करत नाहीत, हे आपल्यासाठी नाही असं परस्पर ठरवतात. कृपा करून असं ठरवू नका.

अनुवाद करणाऱ्यांसाठी मात्र एक वेगळी वाट आहे, आणि मराठीत ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. फ्रान्सचं राष्ट्रीय पुस्तक केंद्र, 'सेएनएल', फ्रेंचमधून आपल्या भाषेत साहित्य नेणाऱ्या परदेशी अनुवादकांना एक ते तीन महिने फ्रान्समध्ये राहून काम करायला महिना २००० युरो देतं. तुमच्याकडे प्रकाशकाचा करार हवा. फ्रान्समधल्याच आर्ल या गावात अनुवादकांसाठी निवासाचं घर आहे, ज्या जुन्या इस्पितळात व्हॅन गॉगला ठेवलं होतं त्याच इमारतीत. पुस्तक निघताना प्रकाशकाला टागोर यांच्या नावानं असलेली प्रकाशन-मदत मागता येते. भारतीय भाषांतल्या अनुवादाला रोमाँ रोलाँ पुरस्कारही आहे. मराठी प्रकाशकांनो, हे तुमच्याही कामाचं आहे. एखादा तरुण अनुवादक तुमच्याकडे हस्तलिखित घेऊन आला तर त्याला कराराचा एक कागद आधी द्या, त्या एका कागदावर त्याचे तीन महिने उभे राहतात.

मग माझा कौल काय? एम.ए. नुकतं झालंय, विषय डोक्यात आहे पण अजून मुरलेला नाही, फ्रेंच चांगलं वाचता येतं पण बोलताना अडखळायला होतं, अशा प्रत्येकानं भाषा-सहाय्यक व्हावं. ज्याचा प्रबंध निम्मा झालाय, ज्याला रोज अभिलेखागारात बसायचंय, त्यानं या वाटेला जाऊ नये, गाव पॅरिसच्या जवळ मिळेलच याचा भरवसा नाही. ज्याच्यावर घर चालतंय त्यानंही नीट हिशोब करून जावं. माझा हिशोब असा होता: सात महिन्यांत साधारण ५६०० युरो हातात आले. आत्याचे एक लाख मी मेमध्ये फेडले. पतसंस्थेचे हप्ते जेआरएफ सुरू झाल्यावर संपले. हातात शिल्लक शून्य, आणि वह्या अकरा.

पगार वाढावा असं माझं म्हणणं आहेच. पण त्याआधी तिकिटाची आणि पहिल्या दोन महिन्यांची काहीतरी सोय इथल्या इथं व्हायला हवी. विद्यापीठाच्या विभागांनी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून दोन लाखांचा बिनव्याजी फिरता निधी उभा केला तरी वर्षाला एक मुलगी जाईल आणि परत येऊन ते पैसे पुढच्या मुलीसाठी भरेल. आम्ही चार जणींनी यंदा सुरुवात केलीय, प्रत्येकी दहा हजार घालून. पहिला फोन सोलापूरहून आला. मी तिला आधी जन्म दाखला काढायला सांगितलाय.